गोऱ्या सायबाचा दगड

विमान कसं पडलं, याच्याशी आनंदाबाईंना काही देणंघेणं नव्हतं. मोठ्या लढाईच्या दिवसांत त्यांचा भाऊ तानबा विमान उडवायला शिकता शिकता कारंजाकडच्या जंगलात पडून मेला, एवढं सरकारनं तेव्हाच कळवलं होतं. बाईंचा जीव अडकला होता तो करदोट्यात. भाऊ घरून निघाला तेव्हा दहा वर्षांच्या या पोरीनंच त्याच्या कमरेला काळा करदोटा बांधला होता आणि त्यात भोकाचा तांब्याचा पैसा ओवला होता. मेलेल्याचा करदोटा कोणीतरी तोडावा लागतो, नाहीतर जीव सुटत नाही. तानबाचा कोणी तोडला, हे विचारता विचारता बाईंनी नव्वदी ओलांडली.

त्यांचा भाचा चंद्रभान नालवाडीत राहायचा. निवृत्त माणसाला काहीतरी खूळ लागतंच. याला न पाहिलेल्या काकाचं लागलं. दोन हिवाळे त्यानं मोटारसायकलवर कारंजाच्या ढाब्यांपासून जंगलाकाठच्या वाड्यांपर्यंत सगळं पालथं घातलं. विमानातून पडलेल्या मराठी पोराची समाधी आहे का, असं तो विचारी आणि लोक इमानदारीनं नाही म्हणत. एका गोऱ्या सायबाचा दगड तेवढा होता, जंगलू उईकेच्या शेताच्या कडेला. गेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करायची या गोंड घराची रीत. वर्षातून एकदा घरच्या दगडांसोबत सायबालाही मान मिळे. इतरांना मोहाची दारू, सायबाला मात्र बशीत बिस्किटं आणि कपभर चहा. चंद्रभाननं तो दगड पहिल्याच हिवाळ्यात पाहिला, बिस्किटांना हसला आणि पुढच्या गावाला लागला.

यंदा मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून तो जंगलूच्या अंगणात टेकला. जंगलूच्या बायकोनं, रुखमानं, चहा दिला. बोलता बोलता त्यानं सहज विचारलं, तो गोराच होता हे कशावरून? जंगलूला प्रश्नाचंच नवल वाटलं. आभाळातून पडलेला, पायात बूट. सायेब नाही तर कोण? चेहरा आणि अंग भाजून काळं पडलेलं, तेव्हा रंगाचा प्रश्नच नव्हता. सरकारची माणसं आली तोवर जंगलूच्या आज्यानं माणूस पुरलाही होता. त्यांनी विमानाचं लोखंड गोळा केलं आणि गेली. नावगाव त्यांनी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही.

"आंग धुतलं तं पट्ट्याखाली करदोटा निघाला," जंगलू म्हणाला. "तवा आज्याले समजलं का सायेब लोकबी बांधतेत."

चंद्रभाननं कप खाली ठेवला. करदोट्यात काही ओवलं होतं का, असं त्यानं विचारलं.

"भोकाचा पैसा होता. आज्यानं करदोटा तोडला अन् पैसा त्याच्याच मुठीत देल्ला. म्हने, कोनीतरी मायेनं बांधला असन."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, ते चंद्रभाननं दोन हिवाळे केलं होतं. त्याला आधी स्वतःची लाज वाटली, मग रडू आलं. जंगलूला काय करावं सुचेना. त्यानं रुखमाला आणखी चहा टाकायला सांगितला.

संध्याकाळी चंद्रभाननं आत्याला सगळं सांगितलं. तिनं तोडणाऱ्याचं नाव विचारलं. नाव नव्हतं, जंगलूचा आजा एवढंच होतं. तिनं त्या आज्यालाच हात जोडले. मग तिथं तानबाला काय ठेवतात, ते विचारलं.

चंद्रभाननं सांगितलं.

"चहा तं तो तोंडालेबी नाई लावे," आनंदाबाई म्हणाल्या. "जंगलूले सांगजो, दूध ठेवत जाय म्हना."