धोरणापायी सुट्टी

चुलीवरच्या भाताच्या गंजावरचं झाकण टकटकलं, तेव्हा कुठे घरातली शांतता मोडली. तोवर दामिनी पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवून बसली होती आणि मोनाली तिच्या तोंडाकडे बघत होती. शब्द काही बाहेर येत नव्हता. मोनालीने मांडीवरचं तान्हं कडेवर घेतलं, उठून भात ढवळला आणि पाठमोरीच म्हणाली, "राहू दे माय. जाय शाळेत."

चौथीतली पोर. पुढच्या वर्षी पाचवीला केशोरीच्या मोठ्या शाळेत जायची, आणि तिथे कोणी तिला अक्षरं जुळवायला शिकवत बसणार नव्हतं. मागच्या बाकावर बसेल, ढकलत ढकलत आठवीपर्यंत जाईल, मग आईच्या बाजूला चिखलात धानाचं रोवणं करायला उभी राहील. दोष पोरीचा नव्हता. शाळेत वर्ग पहिली ते चौथी आणि मास्तर एकच. दुसरे होते त्यांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. उरलेले शालीकराम गुरुजी पहिलीला बाराखडी देऊन चौथीकडे वळेपर्यंत मधल्या सुट्टीची घंटा होई. मोनाली स्वतः दहावी शिकलेली. पण रोवण्याच्या दिवसांत, तान्ह्याला पाजता पाजता पोरीला शिकवणार तरी किती?

म्हणून आजची सभा तिने मनाशी धरून ठेवली होती. आदल्या वर्षी दिल्लीत नवं सरकार आलं होतं आणि देशाचं शैक्षणिक धोरण म्हणे गावागावाला विचारून ठरणार होतं. शाळेसाठी सगळ्यात आधी काय हवं, ते गावाने सांगायचं. मोनाली शाळा समितीवर होती. तिने रोवण्याला खाडा केला. धानाच्या बांधीत उतरता उतरता सोबतच्या नंदाबाईने टोमणा मारलाच, "जाय बाप्पा जाय, दिल्ली तुह्याच भरवशावर थांबून राहिली."

तान्ह्याला कडेवर घेऊन मोनाली शाळेत पोचली तर पोरं दप्तरासकट बाहेर, बोरिंगजवळ. न गळणारी खोली एकच. ती सभेला लागणार, म्हणून पोरांना सुट्टी देऊन टाकली होती.

आत गुरुजी सरकारने पाठवलेल्या कागदांवरचा एकेक विषय वाचू लागले. वाक्यं इतकी लांब की वाचता वाचता त्यांनाच धाप लागली. संगणकाचा विषय निघाला तेव्हा समितीतला बकाराम म्हणाला, आधी शाळेत लाईटची लाईन तं येऊ द्या, आणि सगळे हसले. मोनालीला विचारलं तेव्हा तिने एकच सांगितलं, आम्हाला दुसरा मास्तर द्या.

गुरुजींनी कागद खालीवर केले. "ताई, हे यात बसत नाही. हे देशाचं धोरण आहे. गावची तक्रार पंचायत समितीला द्यावी लागते."

"तक्रार तं देल्ली ना गुरुजी. तुमीच तं लिहून देल्ली होती."

सरपंच केशोराव मध्ये पडले. सूनबाई म्हणत त्यांनी मोनालीला समजावलं की वरच्या लोकांना काहीतरी मोठं दिसलं पाहिजे. मास्तर मागितला तर आपलं गाव रडकं दिसते. आपण डिजिटल शाळा लिहू. शब्द भारदस्त होता. हात वर गेले.

"मंग त्या डिजिटल शाळेत शिकवन कोन?" मोनालीने विचारलं.

"गुरुजीच शिकवतीन ना."

या वेळी कोणी हसलं नाही, बकारामसुद्धा नाही. पण वर गेलेले हात काही खाली आले नाहीत.

सभा उठल्यावर गुरुजी दाराशी थांबले. आपल्या हातात असतं तर पहिलं तेच लिहिलं असतं, असं हळूच म्हणाले. आता हे सगळं संगणकावर भरायला त्यांना तालुक्याला, अर्जुनीला जायचं होतं. तिथे गावोगावचे गुरुजी रांगेत बसलेले, कधी नंबर लागेल कोण जाणे. तोवर शाळेचं काय, असं मोनालीने विचारलं. गुरुजींनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

दामिनी बोरिंगजवळ वाट बघत होती. दोघी शेताच्या धुऱ्याने घराकडे निघाल्या. मोनालीचं डोकं तडकलेलं, पाय भराभर पडत होते. पोर मागे धावायला लागली तशी ती थांबली, तान्ह्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पोरीचा हात धरला. आत काय झालं, दामिनीने विचारलं. आपल्या शाळेत काय कमी आहे ते सरकार विचारत आहे, एवढंच तिने सांगितलं.

पोरीने चालता चालता मान वर केली.

"आई, गुरुजीले सरकारच पाठवते ना?"

"हो."

"मंग आमच्या शाळेत एकच पाठवला, हे सरकारले मालूम नाही काय?"