गुडघ्यावरचे घट्टे

"पँट वर कर," मुकादम म्हणाला.

मी केली. नुकतंच नाक पुसलेल्या अंगठ्याने त्याने माझे दोन्ही गुडघे दाबून पाहिले. मला शिसारी आली. आमच्या फरशीच्या धंद्यात माणूस असाच पारखतात. गुडघ्यावर घट्टे असले तर मिस्त्री, नसले तर हमाल. हातात काय आहे, ते नंतर.

"आता शोभतोय तुमचा मुलगा," तो बाबांना म्हणाला.

बाबा फुलून गेले. तेही फरशीवालेच; आता संडासातून उठायला आईला हाक मारतात. मी गुडघ्यांना रबरी पॅड बांधतो म्हणून हा मुकादम हसला होता, तेव्हा ते पॅड बाबांनीच कचऱ्यात टाकले. "नाजूकपणाची थेरं नकोत," म्हणाले. मग मीही ईर्ष्येने उघडे गुडघे सिमेंटवर घासत राहिलो.

घट्टे आले. त्यांच्याबरोबर जिना उतरताना वाटीमागे कळ आली, आणि पाय दुमडला की आत करकर. ऐकून माझं मलाच किळसवाणं वाटायचं.

"वय?" मागच्या महिन्यात दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सव्वीस."

"वाटीच्या मागची कूर्चा झिजलीय. हाडांमधली गादीच ती. पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. गुडघे टेकणं थांबवा, मांड्यांना व्यायाम द्या, म्हणजे दुखणं आटोक्यात राहील."

घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "या वयात कुठे गुडघे दुखतात? कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काय."

आज मिस्त्री म्हणून घेतलं नाही, तर पुन्हा पाठीवर पोती. बायकोला सातवा महिना लागलाय.

"एक ओळ लावून दाखव," मुकादम म्हणाला.

टेकलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण फरश्या अशा बसल्या की नखालाही उंचसखल लागू नये.

"सोमवारपासून ये. ऊठ, चहा घेऊ."

उठता येईना. दात-ओठ खाऊन जोर लावला, पाय सरळ होईना. बाबा बघत होते. त्यांना कळलं.

"तुम्ही व्हा पुढे," ते मुकादमाला सहज म्हणाले, "त्याला अजून फटी पुसायच्यात."

हे वाक्य त्यांच्या तोंडात किती वर्षं तयार होतं कोण जाणे. मला त्यांचा संताप आला, किळस आली. दोघं बाहेर गेले. मी फडकं घेतलं आणि स्वच्छ फटी पुसत बसलो.