अम्मा बोलते ती सीडी

"सीडी गोल गोल नका हो पुसू! मधून काठाकडे पुसा," थंकमणी ओरडली.

सुकुमारनने पुसायला धरलेला मुंडूचा, पांढऱ्या लुंगीचा, सोगा खाली सोडला. "टीचर, शाळा सुटली तुझी. आता तरी छडी ठेव," तो बायकोला म्हणाला.

केरळातल्या तिरूरची दुपार फणसाखाली पेंगत होती. सुकुमारनची सारी उमर सौदीत, दम्मामला नोकरीत गेली. घरी बारसं असो की लग्न, त्याच्यासाठी त्याचं चित्रण होऊन सीडी तिकडे जायची. कॅमेऱ्यापुढे उभं राहून जो तो त्याच्याशी बोलायचा. त्या सगळ्या सीड्या तो पेटीत भरून परत घेऊन आला होता. दमट हवेने त्यांवर बुरशी धरली, म्हणून थंकमणी त्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवत होती. शाळेत पोरांना शिकवलेलं लिनक्सच घरच्या कॉम्प्युटरवरही होतं. त्यातला सीडी उतरवायचा प्रोग्राम मोठा सोशिक. वाचता येईल ते आधी उचलायचा आणि अडलेल्या जागांकडे मागाहून पुन्हा पुन्हा वळायचा.

"ही अम्माची," सुकुमारन म्हणाला. "अर्धीच पाहिली होती. तिकडे खोलीत आठजण. अम्मा समोर आली आणि मी बंद केली. त्यांच्यादेखत रडू?"

"मग मला कधी विचारलं नाहीत, सुकुएट्टा?"

"म्हटलं, पुढच्या सुट्टीत तिलाच विचारीन."

त्या सुट्टीआधीच अम्मा गेली होती.

थंकमणीने सीडी यंत्रात सरकवली. ते चित्रण करताना कॅमेरा तिच्याच हातात होता. "अम्मे, सुकूला काही सांगा ना," ती म्हणाली होती. अम्मा गोड हसली आणि तिने विचारलं, "कोण सुकू?"

वाचता आलं तेवढं तिने लावलं आणि पडद्यावर अंगण उजाडलं. दोरीवरचे मुंडू पाण्यात असल्यासारखे सावकाश हलले. केव्हाच मेलेली कोंबडी पुन्हा दाणे टिपू लागली. मग अम्मा आली, हसली. चित्राचे ठोकळे झाले, आवाज खरखरून विझला, आणि ओठ उघडे असतानाच चेहरा थांबला.

"टीचर, काय म्हणाली?"

यंत्र अडलेल्या जागेवर अजून घरघरत होतं. अजून एक फेरी, आणि कदाचित आवाज आला असता. थंकमणीने कळ दाबून ते थांबवलं.

"जेवलास का, विचारलं."

तो पडद्याकडे वळला. "जेवलो, अम्मे," तो हळूच म्हणाला.

मग उठला आणि देवळातून निघावं तसा, पडद्याला पाठ न दाखवता, मागे सरत सरत ओसरीवर गेला.