आखूड पायाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि आजवर मी एक नगराध्यक्ष, दोन दारूचे व्यापारी आणि एक पाद्रीबाबा जमिनीवर पाडले आहेत. पाद्रीबाबांची टोपी तर उडून बंदरातल्या बोटीत पडली आणि तशीच सिसिलीला गेली. खोटं वाटत असेल तर सिसिलीत चौकशी करा.

दोष माझा नाही. इटलीच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या आमच्या लहानशा गावात सावेरियोने चौदाव्या वर्षी मला ऑलिव्हच्या लाकडातून घडवलं. पुढचा पाय कापताना त्याची नजर बंदरातून निघालेल्या मोठ्या जहाजावर होती. करवत दोन बोटं वर चालली. त्याची थोरली बहीण अद्दोलोराता हिने माझी लव्हाळ्याची बैठक विणली आणि वर त्याला चार शब्द सुनावले. मग सावेरियोनेच युक्ती काढली. पाठ भिंतीला टेकवायची, माझे पुढचे पाय उचलायचे आणि मागच्या दोघांवर झुलायचं.

संध्याकाळी आमच्या गल्लीत सगळे खुर्च्या दाराबाहेर काढतात. सावेरियो झुलायचा आणि अद्दोलोराता रोज बजावायची, "सावेरियो, सरळ बस. पाय मोडेल तिचा."

विसाव्या वर्षी तो तसल्याच एका जहाजाने आर्जेन्टिनाला गेला. दोन वर्षांत येतो म्हणाला. एक्केचाळीस वर्षं झाली. पत्रं विरळ झाली. आई गेल्याचं कळवलं, त्याला तर उत्तरही आलं नाही. तरी अद्दोलोराता रोज मला तिच्या खुर्चीशेजारी मांडायची. बैठक फाटली की नवी विणायची. मीही वाट पाहायची, आणि वेळ जावा म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला पाडायची.

समोरची पास्क्वालिना एकदा म्हणाली, "अगं, तो तिकडे आजोबा झाला असेल. घाल ती चुलीत."

"आधी तुझा नवरा घाल," अद्दोलोराता म्हणाली. "तोही नुसता बसूनच असतो."

यंदा शरद ऋतू नुकता लागला होता. सुटीला आलेले लोक परतले होते, भिंतींवर टोमॅटोच्या माळा चढल्या होत्या, गल्लीभर द्राक्षांच्या रसाचा वास होता. तेव्हा एक म्हातारा पाहुणा आला. बंदरावरच्या हॉटेलात उतरलेला. तीन संध्याकाळी तो मान खाली घालून आमच्या दारावरून गेला. चौथ्या संध्याकाळी थांबला, टोपी काढली आणि न बोलता माझ्याकडे बोट दाखवलं.

अद्दोलोराताच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला नुसती सावली दिसली. पास्क्वालिनाने सांगितलं, पाहुण्याला टेकायचंय म्हणून.

"बसू दे," अद्दोलोराता घेवड्याच्या शेंगा सोलत म्हणाली. "पडला की आपोआप उठेल."

मी तयारीत होते. तो बसला. आणि माझे पुढचे पाय अलगद वर उचलले गेले. त्याची पाठ भिंतीच्या नेमक्या त्या झिजलेल्या जागी टेकली. मी कुरकुरले. एक्केचाळीस वर्षांत तशी कुरकुरले नव्हते.

अद्दोलोराताचा हात थांबला नाही.

"सावेरियो, सरळ बस. पाय मोडेल तिचा."

त्याने माझे पुढचे पाय हळूच खाली टेकवले. मग तो म्हणाला, "आईच्या वेळी यायला हवं होतं, ताई."

तिने अर्ध्या शेंगा त्याच्या टोपीत ओतल्या. "सोल."

आठ दिवस हॉटेलची खाट रिकामी राहिली. नवव्या दिवशी तो गेला. तिकडे नातवंडं आहेत. पुढच्या शरदात येतो म्हणालाय. असलं मी पूर्वीही ऐकलं आहे.

आता संध्याकाळी अद्दोलोराता मला बाहेर आणते आणि स्वतःच भिंतीला टेकवून दोन पायांवर उभी करते. पाय मोडेल, असं परवा पास्क्वालिना म्हणाली. अद्दोलोराताने ऐकू न आल्यासारखं केलं.

मित्रांनो, घरात एखादी डगमगती वस्तू असेल तर तिचा पाय सारखा करायची घाई करू नका. तिच्यावर नीट बसता येणारं माणूस कुठेतरी असतं. ते येईपर्यंत तिची बैठक विणत राहा आणि संध्याकाळी तिला बाहेर मांडा. मधल्या काळात दुसरं कोणी बसलंच, तर त्याचं काय करायचं ते तिला ठाऊक असतं.