जपून ठेवलेल्या गोळ्या

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कोपरे चेपलेले, झाकण जरा वाकडं. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना बहुतेक जण छाती फुगवतात. मला मात्र मान खाली घालूनच सांगावं लागणार आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात बिस्किटं होती. ती संपली आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या मालकांनी मला दुकानात नेलं. काटे, चक्रं, बारीक स्क्रू, सगळं त्यांनी माझ्यात जपून ठेवलं. त्यांचा एक नियम होता. चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही; बिघडलं, की मगच डबा उघडायचा. गिऱ्हाइकं म्हणत, "यांच्या डब्यात नाही असं काही नाही." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. अशी चाळीस वर्षं गेली.

दुकान बंद झालं, मी घरी आलो आणि माझ्यात औषधं राहू लागली. मालकीणबाईंचं रक्त आणि हाडं तपासून डॉक्टर म्हणाले होते, "व्हिटॅमिन डी फारच कमी आहे, हाडं ठिसूळ झालीत. ही गोळी आठवड्याला एक, ही कॅल्शियमची रोज. आणि जरा उन्हात बसत जा."

उन्हाचं दोघंही विसरले. दिवसभर पडदे ओढून टीव्हीसमोर बसायचे. गोळीच्या दिवशी मालकीणबाई विचारायच्या, "आज घ्यायची ना?"

"कुठे दुखतंय का?"

"नाही हो."

"मग राहू दे. लागेल तेव्हा असलेली बरी."

बायकोवर त्यांचा फार जीव होता, म्हणूनच ते असं म्हणत. लेक यायची, झाकण उघडून बघायची. "भरपूर आहेत की. संपल्या की सांगा हं." मी भरलेला आहे याचा मला तेव्हा केवढा अभिमान होता! आज आठवलं तरी शरम वाटते.

एका सकाळी दाराची बेल वाजली. मालकीणबाई उठल्या, पायपुसण्यात पाय अडकला आणि त्या पडल्या. एखादं पोर तसं पडलं असतं तर कपडे झटकून पळालं असतं. त्यांचा खुबा मोडला.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लेकीला विचारलं, "गोळ्या नियमित चालू होत्या ना?" ती तडक घरी आली आणि तिने मला पलंगावर उपडं केलं. सगळी पाकिटं जशीच्या तशी. एकही गोळी काढलेली नव्हती.

"बाबा, हे काय?"

मालक एकेक पाकीट उचलून पुन्हा माझ्यात ठेवू लागले. मग म्हणाले, "जपून ठेवल्या होत्या गं."

भांडायला आलेली लेक भांडण विसरून त्यांच्याजवळ बसली.

पूर्वी मालकीणबाई दोन जिने उतरून बहिणीकडे चालत जायच्या. आता वॉकर धरून गॅलरीपर्यंत सात पावलं टाकतात. मालक मागून हात पसरून चालतात, उन्हात खुर्ची सरकवतात, गोळी स्वतःच्या हाताने देतात. पण बायकोच्या नजरेला नजर देत नाहीत. जिना पुन्हा उतरता येईल का, हे कोणीच सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही म्हाताऱ्या माणसांचा असा एखादा डबा असेल. तो उघडून बघा. भरलेला दिसला तर माझ्यासारखं त्याचं कौतुक करू नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, की यातल्या गोळ्या संपत का नाहीत.