पाठ नसलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. शहापूरच्या बाजारपेठेत साईनाथचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या निळ्या पडद्यामागे एक खिळा आहे, तो माझा पत्ता. तुमच्या घरातल्या कुणाच्या ओळखपत्रावरचा फोटो नीट पाहिलात, तर आपली जुनी ओळख निघण्याची शक्यता आहे.

माझा जन्म साईनाथच्या लग्नासाठी झाला. लग्नात माझं फार कौतुक झालं आणि दुसऱ्या दिवसापासून मी निरुपयोगी ठरलो. पुढे त्याने स्टुडिओ काढला. एके दिवशी एक धिप्पाड गृहस्थ अर्जासाठी फोटो काढायला आले. मी त्यांच्या अंगात शिरेना. मधलं बटण तुटून पडद्यापलीकडे गेलं. साईनाथने थोडा विचार केला, कात्री घेतली आणि मला कॉलरपासून खालपर्यंत मागून उभं फाडलं. कडांना बांधायला नाड्या लावल्या. तुटलेल्या बटणाच्या जागी बायकोच्या स्वेटरचं तपकिरी बटण शिवलं.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना बसतो.

मला घालून किती जण शिक्षक झाले, पोलीस झाले, जावई झाले, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. मुरबाडपर्यंतचे वाढदिवसाचे फलक मीच सांभाळले. एका निवडणुकीत चौकातल्या फलकांवर दोन्ही विरोधी उमेदवारांच्या छातीवर मी समोरासमोर होतो. मी तटस्थ राहिलो. हल्ली मोबाइलमध्येच कोट चिकटवतात, त्यामुळे माझं काम कमी झालं आहे. पण त्या कोटात मान एकीकडे आणि खांदे दुसरीकडे जातात, असं साईनाथचं मत आहे. माझंही.

गेल्या वर्षी रविना आली. तानशाकडच्या एका पाड्यावरची, नुकतीच बी.कॉम. झालेली. मला घालून तिने फोटो काढला आणि तो नोकरीच्या अर्जाला लावला. वाशिंदला नव्या इमारतींचं संकुल होतंय, तिथल्या कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायला मुलगी हवी होती. नवरात्र संपता संपता मुलाखतीचा निरोप आला, तशी ती आईला घेऊन पुन्हा स्टुडिओत हजर.

"दादा, कोट पायजे. एका दिवसासाठी."

"अगो, तो कोट म्हणजे नुसता पुढून कोट आहे," साईनाथ म्हणाला. "मुलाखतीला ड्रेस चालतो. कोट कोण घालतं?"

तिची आई भागीरथी पुढे झाली. ती म्हणाली, "फोटोत कोट हाय ना? मग बिनकोटाची गेली तर तिथं म्हणतील, ही दुसरीच कोण आली. फोटोवाली कुठंय?"

मित्रांनो, एवढं साधं तर्कशास्त्र साईनाथला पटलं. त्याने मला तिच्या हवाली केलं, फक्त अट घातली. "टाका मारायचा नाय. परवा भरतीची पोरं येतील, त्यांचे खांदे मोठे असतात."

भागीरथी दरवर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायची. त्या वर्षी तिने जाऊ नये, एवढ्यासाठी रविनाला ही नोकरी हवी होती. सकाळी भागीरथीने माझ्या पाठीला तीन पिना लावल्या. "कुणाकडं पाठ करू नको गो," एवढंच तिने सांगितलं.

शहापूरहून वाशिंदला जाताना जीपमध्ये दोन पिना निघाल्या. तिसरी कार्यालयाच्या पायरीवर पडली. आत खुर्चीत बसेपर्यंत मी नाड्यांवर लोंबत होतो. पाठ टेकली की मी सरकणार, म्हणून ती काठीसारखी ताठ बसली.

टेबलापलीकडे दोघं होते. मुंबईहून आलेल्या वर्षा मॅडम आणि इथले व्यवस्थापक हेमंत सर. सरांच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं लटकत होतं.

"बसण्यातच आत्मविश्वास दिसतो," वर्षा मॅडम म्हणाल्या. "गरम होत असेल तर कोट काढा ना."

"नको मॅडम. सवय आहे," रविना म्हणाली. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम माझ्या कॉलरपर्यंत आला होता.

प्रश्न झाले, उत्तरंही बरी गेली. मग मॅडमना तहान लागली. पाण्याची बाटली रविनाच्या मागच्या कपाटावर होती. "जरा देता का?"

ती उठली आणि भाताच्या बांधावरच्या खेकड्यासारखी आडवी आडवी कपाटापर्यंत गेली. हात मागे नेऊन चाचपत बाटली काढली. तशीच आडवी परत आली.

"अशा का चालता?" मॅडमनी विचारलं.

"आमच्यात मोठ्यांना पाठ दाखवत नाय," रविना म्हणाली. तोंडून 'नाय' गेलं म्हणून तिने जीभ चावली.

मॅडम मात्र भारावल्या. "हे संस्कार आता राहिले नाहीत," त्या सरांना म्हणाल्या.

हेमंत सर माझ्या तपकिरी बटणाकडे बघत होते. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने त्यांचं ओळखपत्र सुलटं झालं. मित्रांनो, त्या फोटोत मी होतो. काळी दोन बटणं आणि मधलं तपकिरी.

रविनानेही ते पाहिलं. सरांनी ओळखपत्र खिशात सरकवलं.

"या तुम्ही. दार बाहेरच्या बाजूला उघडतं," ते म्हणाले. "पाठीनंच ढकला. उघडेल."

तिने दोघांना नमस्कार करत पाठीनं दार ढकललं. आतल्यांनी तिची पाठ पाहिली नाही. बाहेर थांबलेल्या मुलींनी पाहिली. त्यांतली एक, कुणाली नावाची, उठली आणि तिने आपल्या ओढणीची पिन काढून माझ्या पाठीला लावली.

"साईनाथचा ना?" ती हळूच म्हणाली. "माझ्या पण फोटोत हाच आहे. मी मागायला लाजले."

नोकरी रविनाला लागली. कुणालीला लागली असती तरी मला वाईट वाटलं नसतं.

परत करण्याआधी भागीरथीने मला धुतलं. जन्मात पहिल्यांदा. तेव्हा कळलं, मी काळा नाहीच, गडद निळा आहे. साईनाथ नाराज झाला, म्हणाला आता जुन्या फोटोंशी मेळ बसायचा नाही. दिवाळीनंतर पाड्यावरून भट्टीचा ट्रक गेला, त्यात भागीरथी नव्हती. ती रविनासोबत स्टुडिओत आली होती, कारण नव्या ओळखपत्राला फोटो हवा होता.

"आता आपल्या ड्रेसवर काढ," साईनाथ म्हणाला.

"नको दादा. तिथं मला कोटवाली म्हणून वळखतात."

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. वर्षातून एकदा मला धुवा, उन्हात वाळवा. आणि पुढे मोठे होऊन टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसाल, तेव्हा समोरचा माणूस फारच ताठ बसलेला दिसला, तर त्याला बाटली आणायला सांगू नका. पाणी तुम्हीच उठून घ्या.