दीड हजारांचा टायगर

मित्रांनो, यावलच्या बाहेर चोपड्याच्या रस्त्याला एक केळीची बाग आहे. तिच्या फाटकापाशी पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला एक म्हातारा गावठी कुत्रा पडलेला दिसतो, तो मी. माझे नाव कबऱ्या. मी आज जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते, पण न सांगता मरायचे नाही असे मी ठरवले आहे.

माझा जन्म याच बागेत, खताच्या ढिगाच्या उबेला झाला. मला कुणी विकत घेतले नाही आणि शिकवायलाही कुणी पैसे मोजले नाहीत. बागेचे मालक बन्सीलालनाना पाणी द्यायला निघाले की मी त्यांच्या मागे फिरायचो आणि फिरता फिरता शिकायचो. रानडुकरे कोणत्या बांधावरून शिरतात, मजूर कोण आणि उगाच डोकावणारा कोण, हे मला वासावरून कळू लागले. कापणीच्या दिवशी मजूर केळीचे घड डोक्यावर घेऊन बाहेरच्या ट्रककडे निघत, तेव्हा मी शेपूट हलवत त्यांच्या पुढे चालायचो. पहिला घड नेण्याचा मान मात्र लिलाबाईचा असे. बागेत वर्षभर राबलेल्या बाईच्या डोक्यावरून पहिला घड निघाला पाहिजे, असा नानांच्या वडिलांपासूनचा रिवाज होता. लिलाबाई पुढे, मी तिच्याही पुढे, असे आम्ही दिमाखात फाटकाबाहेर पडायचो.

अठ्ठ्याऐंशी साली नानांच्या मेहुण्याने एक अल्सेशियन आणून दिला. त्याचे नाव टायगर. त्याला दूध, त्याला अंडे, त्याला बसायला गोणपाट! माझ्या वाट्याला तेच भाकरीचे वाळके कुटके. टायगर नुसता जांभई द्यायचा तरी नाना कौतुकाने हसत. माझ्या अंगाचा तिळपापड होई. खरे सांगतो, तो दिसायला देखणा होता, आणि तेच मला जास्त खुपत होते.

टायगरला शिकवायचे ठरले. आधी जळगावचे अन्वरभाई बाग बघायला आले. पोलिसांची कुत्री सांभाळण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी टायगरकडे कमी पाहिले आणि प्रश्नच जास्त विचारले. बागेत रोज कोण येते, कापणी कशी होते, माल कोण उचलतो? मग म्हणाले, नानांनी स्वतः आठवड्यातून दोनदा कुत्रा घेऊन जळगावला यावे आणि तीन महिने यावे. पैसे त्यांनी अगदीच थोडे सांगितले. जाताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या जुन्याला त्याच्या सोबत फिरू द्या. निम्मं काम हाच शिकवील."

माझी छाती फुगली. पण लगेच मनात आले, त्या दूध पिणाऱ्याला मी शिकवू? माझे काय अडले आहे?

नानांचे मत वेगळेच पडले. एवढ्या कमी पैशांत शिकवतो म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार, आणि बाग सोडून आठवड्यातून दोनदा जळगावला जायला वेळ कुणाला आहे? मग कुणीतरी नरडाण्याच्या जीवराम मास्तरांचे नाव सांगितले. ते कारखान्यांच्या फाटकावरची कुत्री तयार करत. खाकी पोशाख, गळ्यात शिट्टी, भिंतीवर फोटो. नाना तिथे गेले तेव्हा मास्तरांनी एक कसरत दाखवली, हे मी नानांच्याच तोंडून ऐकले. एक माणूस गोणी डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर निघाला आणि कुत्र्याने झेप घेऊन त्याला धरले. नाना खूश झाले. मास्तरांनी खाण्यापिण्यासकट दोन महिन्यांचे दीड हजार सांगितले. लिलाबाईची ती पाच महिन्यांची मजुरी होत होती. मालकाने मध्ये यायचे नाही, कुत्र्याचे लक्ष विचलित होते, अशीही अट होती. नानांना ती अटच सर्वांत आवडली.

दोन महिन्यांनी टायगर परत आला. पोचवायला आलेल्या मास्तरांनी सांगितले की तो बसे, उठे, गप्प राही. सगळा मळा बघायला जमला. नाना मजुरांना म्हणाले, "इतके पैसे टाकले, आता दोन कुत्रे कशाले पोसाचे? या कापनीत टायगरचं काम पाहू अन कबऱ्याले बजारात सोडून देऊ."

मित्रांनो, बाजारातली कुत्री मी पाहिली होती. मी दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

चार दिवसांनी कापणी आली. सावद्याच्या स्टेशनात केळी भरायला रेल्वेची वॅगन लागली होती, म्हणून ट्रक सकाळीच फाटकाबाहेर येऊन थांबला. फाटकाशी टायगर मोकळाच बसला होता. नानांनी पहिला घड कापून लिलाबाईच्या डोक्यावर ठेवला. तिने सवयीने मला हाक मारली. मी उठलो नाही. माझी जागा घेतलीस ना, मग कर की तूच काम, असे मनात म्हणत मी निंबाखाली पडून राहिलो.

तेवढ्यात टायगरचे कान मागे गेले आणि पाठीवरचे केस उभे राहिले. तो काय करणार हे मला कळले. मास्तरांनी त्याला ओझे घेऊन फाटकाबाहेर जाणारा माणूस चोर म्हणून शिकवला होता, आणि आमच्या बागेत तर कापणी म्हणजे तेच काम! मी एकदा भुंकलो असतो तरी लिलाबाई जागीच थांबली असती. मी भुंकलो नाही. होऊ दे फजिती, नानांना कळू दे, असे मला वाटले. अगदी हेच वाटले.

टायगरने तिची पोटरी धरली. घड खाली आदळला. नाना "छोड, छोड" ओरडत राहिले, पण टायगर फक्त मास्तरांचेच ऐकायला शिकला होता. लिलाबाई धुळीत पडली आणि म्हणाली, "कबऱ्या, ये न रे बापा."

तेव्हा मी उठलो. धावत जाऊन टायगरच्या मानेला भिडलो. तिला सोडून तो माझ्यावर उलटला, माझा कान फाडला, आणि तोवर मजुरांनी त्याला गोणपाटात दाबून धरले.

लिलाबाईच्या पोटात चौदा इंजेक्शने टोचली. नाना रोज तिला सायकलवर बसवून दवाखान्यात नेत. टायगरला गोळी घालायला निघाले तेव्हा लिलाबाईनेच अडवले. "त्याले जे शिकवलं तेच त्यानं केलं. तुम्ही पाहाले गेले होते का, काय शिकवतेत थे?"

नाना दुसऱ्या दिवशी जळगावला गेले आणि अन्वरभाईंना घेऊन आले. अन्वरभाई म्हणाले, "कुत्रं दोन महिन्यांत शिकतं, नाना. मालकाला जास्त दिवस लागतात." मग पाच महिने नाना स्वतः दोरी धरून टायगरला मजुरांमधून फिरवत होते. टायगर सुधारला. मित्रांनो, तुम्ही कधी कुत्रा शिकायला पाठवाल तर शिकवणाऱ्याचे दर आणि शिट्टी पाहू नका. तो तुमच्या घराविषयी काय विचारतो ते पाहा, आणि स्वतः जाऊन बसा.

मला कुणी बाजारात सोडले नाही. उलट तेव्हापासून माझ्यासाठीही दूध येऊ लागले. बागेत नवा मजूर आला की लिलाबाई माझ्या डोक्यावर हात ठेवून त्याला सांगते, "यानंच मले वाचवलं." मी मान खाली घालतो. लोक म्हणतात, बघा, किती गरीब कुत्रं आहे.